मदत हवी आहे: ४०-४० ची बरोबरी, पॅकर्सचे रिसीव्हर आणि नवे नियम बाबांना कसे समजावू?

ॲपलटनची_लेक

नमस्कार मंडळी,

मी विस्कॉन्सिनमध्ये ॲपलटनला राहते. ग्रीन बे इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे रविवारी आमच्या गल्लीत घरोघरी पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचीच मॅच लागलेली असते. बाबा यंदा, २०२५ च्या जुलैमध्ये, कोल्हापूरहून आलेत, डिसेंबरपर्यंत आहेत. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाकडून विंगला खेळलेले. आजही शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की त्यांचा पाय घरात ठरत नाही. अमेरिकन फुटबॉलशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

ऑगस्टमध्ये त्यांना पॅकर्सचा सराव बघायला नेलं. तिथली जुनी पद्धत अशी की खेळाडू सरावाच्या मैदानाकडे गावातल्या मुलांच्या सायकलींवरून जातात. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी त्या लहानग्या सायकलवर, गुडघे हँडलला लागतायत, आणि बाजूला सायकलचा मालक, सातआठ वर्षांचा पोरगा, त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून धावतोय. बाबा बघतच राहिले. परत येताना मी सांगितलं की या संघाला मालक नाही. १९२३ पासून सहा वेळा शेअर विकले, आज ५ लाख ३८ हजारांवर भागधारक आहेत, कुणाला लाभांश मिळत नाही, शेअर बाजारात विकताही येत नाही. आणि हे सगळं जेमतेम एक लाख सात हजार वस्तीच्या गावात. बाबा म्हणाले, "म्हणजे तालीमच की गं ही." त्या दिवसापासून पॅकर्स त्यांचे झाले.

आता अडचण सांगते. बाबांनी वही घातली आहे. लव्ह, जेकब्ज, डब्ज, गोल्डन, क्राफ्ट, सगळी नावं देवनागरीत, पुढे कुणी काय केलं ते. इंग्रजी कॉमेंट्री त्यांना झेपत नाही, म्हणून ते मला विचारतात, आणि माझी उत्तरं अपुरी पडतात. मी तीन वर्षं मॅच बघते, पण का विचारलं की अडते.

२८ सप्टेंबरची डॅलसची मॅच तुम्ही पाहिलीच असेल. त्याआधी मी मोठ्या हौशीनं सांगून ठेवलं होतं की यंदापासून ओव्हरटाइमचा, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेचा, नियम बदललाय, दोन्ही संघांना चेंडू मिळणारच. आणि मॅच ४०-४० बरोबरीत सुटली! बाबा म्हणाले, "दोघांनाबी चान्स दिला, मग निकाल का लागला न्हाई?" मला धड सांगता आलं नाही.

दुसरं, रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. वहीत सहा-सात नावं आहेत आणि बाबांना हवाय एक हुकमी माणूस. "आपला नंबर एक कोण?" जेडन रीडच्या नावापुढे त्यांनी 'कॉलरबोन, ऑपरेशन' लिहिलंय. वॉशिंग्टनविरुद्ध त्यानं टचडाऊन (समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेणं, सहा गुण) पकडला, त्यातच तो पडला, हाड मोडलं, आणि वर फाउलमुळे तो टचडाऊनही रद्द झाला. बाबा दोन दिवस हळहळत होते. ख्रिश्चन वॉटसन एकही मॅच खेळला नाही तरी संघात आहे, हे कसं, हाही त्यांचा प्रश्न. आणि एका वेळी अकराच उतरतात तर संघात ५३ जण कशाला?

यंदाची किकऑफही (खेळ सुरू करणारी किक) त्यांना कळत नाही. खरं तर मलाही पूर्ण कळलेली नाही.

घाई एवढ्यासाठी की या आठवड्यात पॅकर्सना सुट्टी आहे आणि १२ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर, लॅम्बो फील्डवर, सिनसिनाटीशी मॅच आहे. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं तिची दोन तिकिटं देऊ केली आहेत. बाबांना तिथं बसून सगळं कळावं, नुसतं टाळ्या वाजवण्यावर त्यांची बोळवण होऊ नये, असं मनापासून वाटतं. कृपया मराठीत सांगता येईल असं लिहा.

मिलवॉकी_मुक्काम

ताई, आधी काकांना नमस्कार सांगा. पाच लाखांतल्या एका शेअरचा कागद माझ्याकडेही फ्रेम करून लावलाय, २०२१ च्या विक्रीतला, ३०० डॉलरचा.

ओव्हरटाइमचं असं सांगा. आधी साखळी सामन्यात ज्याला पहिल्यांदा चेंडू मिळे त्यानं टचडाऊन केला की खेळ खलास, दुसऱ्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा, बाकावर बसून बघायचा. म्हणजे नाणेफेकीलाच फार वजन. प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ही गोष्ट २०२२ मध्येच बदलली, कारण त्या जानेवारीत कॅन्सस सिटीनं बफेलोला असंच ४२-३६ ने हरवलं आणि बफेलोला चेंडू मिळालाच नाही. साखळी सामन्यांना तो बदल यंदा आला.

पण वेळ वाढवली नाही. मोसमातल्या मॅचचा ओव्हरटाइम २०१७ पासून १० मिनिटांचा आहे, तो तसाच ठेवला. आता दोन्ही संघांना चेंडू द्यायचा आणि घड्याळ दहाच मिनिटांचं, तर दोघांनी सावकाश एकेक चढाई केली की वेळ संपते. डॅलसला नेमकं तेच झालं. त्यांनी पहिल्यांदा फील्ड गोल मारून (किकनं चेंडू खांबांमधून काढून) तीन गुण घेतले, मग आपण पूर्ण मैदान चालत आलो, शेवटचा पास खाली पडला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता, आणि आपला किक मारणारा मॅकमॅनस यानं ३४ यार्डांवरून किक मारून बरोबरी केली. खेळायला वेळच उरला नाही. काकांना म्हणावं, चान्स दोघांना आहे, निकालाची हमी नाही. गुणतक्त्यात बरोबरी अर्धा विजय धरतात. प्ले-ऑफमध्ये मात्र निकाल लागेपर्यंत खेळतात.

फिलीकर

वरच्या प्रतिसादात एक भर. हा प्रस्ताव आमच्या फिलाडेल्फियाचा होता आणि त्यात १५ मिनिटं मागितली होती. मंजूर करताना ती दहावर आणली. पंधरा असती तर तुमच्या मॅचचा निकाल बहुधा लागला असता. माझ्या मते नियम चांगला आहे, घड्याळ चुकलंय.

डॅलसची_सून

आम्ही त्या रात्री स्टेडियममध्ये होतो. बचावातला मोठा खेळाडू मायका पार्सन्स तुमच्या जर्सीत मैदानावर आला तेव्हा माझ्या नवऱ्याला बघवेना. ऑगस्टच्या शेवटी आमच्या संघानं त्याला दिला, बदल्यात तुमचा केनी क्लार्क आणि ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंची दरवर्षी फेऱ्यांनी होणारी निवड) पहिल्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. ओव्हरटाइममध्ये आमची पहिली चढाई टचडाऊनच्या तोंडाशी येऊन तीन गुणांवर थांबली, ती थांबवणारा पार्सन्सच. काकांच्या वहीत ती खेळी नक्की लिहा.

पण ताई, बरोबरीचं मूळ ओव्हरटाइममध्ये शोधू नका. पॅकर्स १३-० पुढे होते. टचडाऊननंतरची जादा गुणाची किक आमच्यांनी अडवली आणि चेंडू घेऊन थेट दुसऱ्या टोकाला पळाले. १४-० व्हायचं ते १३-२ झालं. एक गेला, दोन दिले, तीन गुणांचा फरक तिथंच पडला.

उत्तरवारा

डॅलसच्या ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि मी पॅकर्सवाला आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात क्लीव्हलँडला हेच. शेवटी आपला फील्ड गोल अडवला गेला, त्यांनी ५५ यार्डांवरून किक मारली, आपण १३-१० ने हरलो. सलग दोन आठवडे किक अडवली जाते आणि लोक रिसीव्हरवर वाद घालत बसतात.

तरी रिसीव्हरबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. 'नंबर एक कोण' या प्रश्नाचं खरं उत्तर 'ठरवून कुणी नाही' हे आहे, आणि मला ते पटतं. पॅकर्सची रीतच आहे: रिसीव्हर पहिल्या फेरीत घ्यायचा नाही, नंतर घेऊन घडवायचा. डोनाल्ड ड्रायव्हर सातव्या फेरीतला. जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, दवान्ते ॲडम्स, तिघेही दुसऱ्या फेरीतले. २००२ मध्ये जॅव्हॉन वॉकर घेतला, त्यानंतर पहिल्या फेरीत रिसीव्हर आला तो थेट यंदा, मॅथ्यू गोल्डन, २३ वी निवड, तीही ग्रीन बेमध्येच भरलेल्या ड्राफ्टमध्ये. ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळतो. काका विंगला खेळलेत ना? त्यांना नुसतं याच्या पहिल्या चार पावलांकडे बघायला सांगा.

सगळ्यांना थोडा थोडा चेंडू गेला की बचाव करणाऱ्याला कुणाला धरावं कळत नाही. डॅलसला रोमिओ डब्जनं तीन टचडाऊन पकडले, पुढच्या मॅचला क्राफ्ट पकडेल. हेच बळ आहे.

मिलवॉकी_मुक्काम

इथं माझं जमत नाही. २०२१ मध्ये ॲडम्सनं १२३ झेल घेतले, १५५३ यार्ड. समोरच्यांना माहीत असायचं की चेंडू यालाच जाणार, दोघं दोघं अंगावर सोडायचे, तरी जायचा. मार्च २०२२ मध्ये त्याला रेडर्स संघाला दिलं. गेल्या मोसमात आपला सर्वात पुढचा रिसीव्हर रीड, ८५७ यार्ड. हजार कुणीच गाठले नाहीत, आणि हातातून निसटलेले पास आठवले की अजून जीव तुटतो. एरवी वाटून खेळणं ठीक आहे. पण जानेवारीत, थंडीत, दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला आठ यार्ड हवे असतात तेव्हा एक माणूस लागतो. काकांचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

उत्तरवारा

ॲडम्स गेल्यावर जे आलं तेही सांगा ना. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची एकेक निवड मिळाली. पहिलीत बचावाचा क्वे वॉकर घेतला. दुसरी मिनेसोटाला देऊन, सोबत आणखी एक घालून, ३४ व्या क्रमांकावर चढलो आणि तिथं वॉटसन आला. आता वॉटसनचा प्रश्न सुटतो: जानेवारीत शिकागोविरुद्ध त्याचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मोसम सुरू होताना तो 'अजून खेळण्याजोगा नाही' या यादीत आहे. या यादीतला खेळाडू ५३ मध्ये मोजत नाहीत, पण किमान चार सामने त्याला खेळता येत नाही. चार सामने झाले, म्हणून आता तो सराव सुरू करू शकतो. संघाचा त्याच्यावर विश्वास आहे, सप्टेंबरमध्ये न खेळता त्याचा करार एका वर्षानं वाढवला.

५३ चं गणित: शिबिराला ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ ठेवायचे. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, किक मारणारे वेगळे, आणि दर आठवड्याला कुणीतरी जायबंदी होतंच. त्यातलेही प्रत्यक्ष मॅचला ४८ च तयार होतात. शिवाय सोळा-सतरा जण सरावापुरते ठेवलेले असतात, त्यांतले दोघे मॅचसाठी वर आणता येतात. तालमीत मोठ्यांबरोबर घाम गाळणारी आणि बोलावणं आलं की उतरणारी पोरं, असं सांगितलं तर काकांना लगेच कळेल.

ॲपलटनची_लेक

हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "मी दोन वर्षं तसाच होतो." हे मला आजवर माहीत नव्हतं.

डब्जच्या तीन टचडाऊनचा हिशेब वहीत आहेच, त्यामुळे बाबा आता मिलवॉकीवाल्यांच्या बाजूनं नाहीत, असं सांगायला सांगितलंय. किकऑफचं कुणी सांगेल का?

फिलीकर

सांगतो. पूर्वी दोन्हीकडचे लांबून भरधाव येऊन एकमेकांवर आदळायचे, डोक्याला मार बसायचा. २०२४ पासून किक मारणारा एकटा आपल्या टोकापासून ३५ यार्डांवर, त्याचे बाकी दहा जण पुढे समोरच्या संघाच्या ४० यार्डांवर. समोरचे किमान नऊ जण त्यांच्या ३० ते ३५ च्या पट्ट्यात, मागे एक किंवा दोघे चेंडू घ्यायला. चेंडू जमिनीला लागेपर्यंत किंवा कुणी घेईपर्यंत मधल्यांनी जागचं हलायचं नाही. अंतर कमी, म्हणून टक्कर कमी जोराची. थेट शेवटच्या पट्ट्यात किक मारून पळापळ टाळली तर समोरच्याला चेंडू गेल्या वर्षी ३० वर मिळायचा, यंदा ३५ वर. पाच यार्ड फुकट द्यायला कुणी तयार नाही, म्हणून यंदा किक मैदानात पडते आणि पळणाऱ्याला संधी मिळते. लॅम्बोवर हे टीव्हीपेक्षा चांगलं दिसतं, कारण अख्खी मांडणी एका नजरेत येते.

जाता जाता: क्वार्टरबॅकला मागून ढकलून एक यार्ड काढायची आमची खेळी बंद करा असा प्रस्ताव पॅकर्सनीच आणला होता. मेमध्ये २२ विरुद्ध १० मतं पडली, २४ हवी होती. काकांना विचारा, ढकलणं गैर आहे का?

उत्तरवारा

जानेवारीतल्या प्ले-ऑफमध्येही आपण तुमच्याकडून २२-१० नेच हरलो होतो. ती खेळी रोखायची तर मैदानावर रोखायला हवी, मतदानानं मागायला नको होती. पॅकर्सचा असूनही हे मला आवडलं नव्हतं.

ॲपलटनची_लेक

बाबांचं उत्तर: "ढकला, पण आमच्याबी पोरांना ढकलायला शिकवा." सगळं वहीत उतरवून घेतलंय, किकऑफचं चित्र काढून, चाळीस आणि पस्तीसच्या रेघांसकट. मनापासून आभार. लॅम्बोला आधी गेलेल्यांनी एवढंच सांगा, वय ७१ आहे, काही सोबत न्यावं का?

मिलवॉकी_मुक्काम

बसायला जाड उशी. बहुतेक जागा धातूच्या लांब बाकांच्या आहेत, पाठ टेकायला काही नाही, आणि ऊन कललं की बाक गार पडतो. बॅग पारदर्शकच चालते. आणि ८१ हजार माणसं एकदम बाहेर पडतात, म्हणून गाडी लांब लावली असेल तर काकांना मॅच संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसू द्या.