५ मिलिअँपसाठी १० अँपचा रिले नको
काही जण म्हणतात की पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या) इनपुटला जेमतेम ५ मिलिअँप जातात, तिथे १० अँपचा रिले (विजेने चालणारा स्विच) लावला की चिंता मिटली. मला हे अजिबात पटत नाही. भोसरीत आमच्या पॅनलमध्ये नेमकं हेच केलं होतं. पावसाळा संपता संपता सिग्नल कधी यायचा, कधी नाही. रिलेवर टिचकी मारली की चालू! कव्हर काढून भिंगाखाली पाहिलं तर चांदीच्या काँटॅक्टवर (आतल्या जुळणाऱ्या टोकांवर) काळपट थर, जुन्या पैंजणांवर चढतो तसाच. तो सिल्व्हर सल्फाइड. करंट जास्त असला की उघडझाप होताना उडणारी ठिणगी हा थर जाळून टाकते. ५ मिलिअँपमध्ये ती ताकदच नसते. म्हणून डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) किमान लोडही बघा, म्हणजे काँटॅक्ट भरवशाने चालायला कमीत कमी किती करंट लागतो ते. पॉवर रिलेला तो बऱ्याचदा ५ व्होल्टला १०० मिलिअँप असतो.

अशा जागी सोन्याचा मुलामा असलेले, दुहेरी टोकांचे काँटॅक्ट घ्या. एका टोकाखाली धूळ अडकली तरी दुसरं जोडणी धरून ठेवतं. फक्त तोच रिले पुढे सोलेनॉइडवर (व्हॉल्व्ह वगैरे ओढणाऱ्या, जास्त करंट घेणाऱ्या कॉइलवर) टाकू नका, ठिणगीने मुलामा उडाला की खाली परत चांदीच. आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकल बाजारात घ्यायला गेलात तर पूर्ण पार्ट नंबर सांगा, बाहेरून साधा आणि सोन्याच्या मुलाम्याचा, दोन्ही रिले सारखेच दिसतात.