मदत हवी आहे : निर्णयच न घेणाऱ्याला ‘धरसोड’ हा शब्द लावता येतो का?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीचा पुनर्विकास करायचा की मोठी दुरुस्ती, हा विषय दोन वर्षे प्रत्येक सभेपुढे येतो आणि पुढच्या सभेवर ढकलला जातो. याबाबत काही सभासदांच्या वतीने मी पत्राचा मसुदा केला आणि त्यात ‘समितीच्या धरसोडीच्या धोरणामुळे नुकसान होत आहे’ असे वाक्य लिहिले. शेजारच्या काकूंनी, ज्या निवृत्त मराठी शिक्षिका आहेत, नेमकी त्याच शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, “अरे, यांनी धरलंय काय, म्हणून सोडतील?”

त्यांचे म्हणणे मला बरेचसे पटले. उठबस, देवघेव, तोडफोड यांप्रमाणे हाही दोन क्रियापदांचा जोडशब्द आहे, आणि त्यात धरणे आधी येते. आज तबला शिकायला घेतला, महिन्याने सोडून पेटी धरली, अशा माणसाला आपण धरसोड वृत्तीचा म्हणतो. जाहीर केलेला निर्णय सरकारने मागे घेतला की वर्तमानपत्रेही हाच शब्द वापरतात. ज्याचे पाऊलच उचलत नाही, त्याच्यासाठी मात्र हा शब्द जरा जास्तच कौतुकाचा ठरतो की काय, अशी शंका आता येते.

पर्यायी शब्दांचा विचार केला, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी अडते. ‘चालढकल’ म्हटले तर काय करायचे ते ठरलेले आहे, केवळ टाळाटाळ चालू आहे, असा अर्थ निघतो. ‘चलबिचल’ ही त्या त्या वेळची मनाची अवस्था झाली, स्वभाव नव्हे. ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द संकटाने भांबावलेल्या माणसाला शोभतो. आमच्या समितीचे सदस्य तर सभेत चहा घेत अगदी निवांत असतात. ‘तळ्यात-मळ्यात’ अर्थाने सर्वांत जवळचा वाटतो, परंतु मुलांच्या खेळातून आलेला तो शब्द औपचारिक पत्रात थट्टेचा वाटेल.

राहिला ‘द्विधा’. संस्कृतात हे ‘दोन प्रकारे’ या अर्थाचे अव्यय आहे (आपला ‘बहुधा’ त्याच घडणीचा), म्हणून मराठीत ‘द्विधा मनःस्थिती’ असे लिहिण्याची पद्धत आहे. हल्ली मात्र ‘समिती द्विधेत आहे’ अशी वाक्ये सर्रास दिसतात. हे नामरूप हिंदीतील ‘दुविधा’च्या प्रभावाने आले असावे, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया दोन बाबींवर मार्गदर्शन करावे. मुळात काहीच न ठरवणाऱ्यासाठी ‘धरसोड’ वापरल्याचे आपल्या ऐकण्यात वा वाचनात आहे का? आणि ‘द्विधेत’ हे रूप आपण लेखी मराठीत ग्राह्य धराल का? घरात किंवा गावाकडे अशा स्वभावासाठी एखादा वेगळा शब्द बोलला जात असेल, तर तोही वाक्यासह द्यावा. पत्र येत्या रविवारच्या सभेपूर्वी द्यायचे आहे. सभा पुढे ढकलली गेली नाही तर.