सल्ला हवा: अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवायचंय, आधी काय वाचू?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये इंग्रजी साहित्यात पीएचडी करायला अमेरिकेला निघालेय. फी माफ, वर स्टायपेंड, आणि त्या बदल्यात पहिल्याच सेमिस्टरपासून फर्स्ट इयरच्या मुलांना 'कॉम्पोझिशन' शिकवायचं. वर्गात वीसेक मुलं, प्रत्येकाचे चार निबंध, प्रत्येक निबंधाचे दोन खर्डे. तिथे गेल्यावर आठवडाभर ट्रेनिंग देतात म्हणे.

खरी गोची अशी की मला स्वतःला लिहायला कुणी शिकवलेलंच नाही. शाळेत 'माझा आवडता ऋतू' बाई फळ्यावर लिहून द्यायच्या, आम्ही वहीत उतरवायचो. बी.ए.ला गाईड, एम.ए.ला सरांच्या नोट्स. आणि आता इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांना मी इंग्रजी लिहायला शिकवणार! झोप उडालीय. व्याकरण तरी पक्कं असावं म्हणून रेन अँड मार्टिन बॅगेत टाकलंय.

या विषयात बरंच संशोधन झालंय असं कळलं, पण यादी बघून घाबरले. घरात लग्न आहे, त्यामुळे वाचायला हातात सहा आठवडे. नेमकं काय वाचू?

दक्षिणायन
रेन अँड मार्टिन काढ बॅगेतून. तेवढ्या जागेत मेतकूट आणि भाजणी बसेल.

मस्करी नाही. १९६३ साली ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शूर या तिघांनी तोवरचं लेखनशिक्षणातलं संशोधन चाळून काढलं. त्यांचं म्हणणं असं की सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन जवळपास सुधारत नाही. उलट प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ त्यात जातो, म्हणून तोटाच व्हायची शक्यता. साठ वर्षं उलटली, मास्तर लोकांना अजून पटलेलं नाही.

खडूधूळ
कोरीपाटी, नऊ वर्षं हेच शिकवतोय, मिडवेस्टमध्ये. शंभर पुस्तकांच्या मागे लागू नकोस. एक पुस्तक आणि दोन लेख नीट वाच.

पुस्तक म्हणजे मीना शॉनेसी यांचं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स', १९७७चं. त्यामागची गोष्ट माहीत हवी. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७०मध्ये शहरातल्या हायस्कूल पास मुलांना दारं उघडी केली. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं अशी मुलं आली, आणि त्यांचे प्रवेशाच्या वेळचे निबंध बघून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. शॉनेसीबाईंनी तसे सुमारे ४,००० निबंध घेतले आणि चुका मोजत बसण्याऐवजी मुलगा ही चूक का करतोय ते शोधलं. बहुतेक चुकांमागे काहीतरी नियम असतो. तो चुकीचा असेल किंवा अर्धवट कळलेला असेल, पण असतो. आपल्याकडे 'पानी' लिहिणारं पोर निष्काळजी नसतं, ते घरी ऐकलेलं इमानदारीत लिहितं. तसंच हे.

माझ्याच वर्गातलं सांगतो. एक मुलगा भलत्या ठिकाणी कॉमे टाकायचा. कर्ता झाला की कॉमा, 'की' आला की कॉमा. दोन निबंध मी लाल करून परत दिले, ढिम्म फरक नाही. तिसऱ्या वेळी केबिनमध्ये बोलावून म्हटलं, वाच मोठ्याने. वाचताना प्रत्येक कॉम्यापाशी पठ्ठ्याने श्वास घेतला! 'दम घ्याल तिथे कॉमा द्या' हे शाळेत कधीतरी ऐकलेलं, आणि तो ते काटेकोर पाळत होता. दहा मिनिटांत सुटलं. लाल शाईने जन्मात सुटलं नसतं.

दोन्ही लेख नॅन्सी सोमर्स यांचे. १९८०च्या लेखात त्यांनी २० विद्यार्थी आणि २० मुरलेले लेखक खर्डा कसा सुधारतात ते पाहिलं. विद्यार्थी शब्द बदलतात, मुरलेला लेखक मुद्द्याची मांडणीच मोडून बघतो. १९८२चा लेख मास्तरांच्या शेऱ्यांवर आहे, तो वाचून मला आठवडाभर वर्गात जायची लाज वाटत होती. एकाच परिच्छेदात ओळीवर लिहिलेलं असतं 'इथे स्वल्पविराम हवा' आणि शेजारी समासात 'हा परिच्छेद नव्याने विचार करून लिही'. मग मुलाने करायचं काय? जे वाक्य कदाचित उद्या उडणार, त्यात आज कॉमा घालायचा? शिवाय बरेचसे शेरे असे, की एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. 'अधिक स्पष्ट हवे'. माझे सगळे तसेच होते.

त्यामुळे पहिल्या खर्ड्यावर फक्त मुद्द्याबद्दल बोल. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यावर.

कोरीपाटी
बाप रे, ते 'अधिक स्पष्ट हवे' माझ्या एम.ए.च्या प्रबंधावर सात ठिकाणी आहे. काय अस्पष्ट होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

फ्रीरायटिंग हा शब्दही सारखा दिसतोय, तो काय प्रकार?

खडूधूळ
पीटर एल्बो या लेखनशिक्षकाच्या १९७३च्या पुस्तकातला. दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं, खोडायचं नाही, सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. वर्गाच्या सुरुवातीला उत्तम चालतं. पण फक्त एल्बो वाचलास तर मोकळं लिहिलं की झालं असं वाटेल, म्हणून सोबत डेव्हिड बार्थोलोमेचा १९८५चा 'इन्व्हेंटिंग द युनिव्हर्सिटी' हा लेख वाच. त्याचं म्हणणं, मुलाला विद्यापीठाच्या भाषेचं सोंग आधी घ्यावं लागतं, अधिकार मागून येतो, आणि ते परकं सोंग वठवताना त्याची वाक्यं मोडतात. दोघं १९९५ साली लेखांतून समोरासमोर भिडले होते, तेही मजेशीर आहे.

बाभूळबन
मी इथेच, तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. माझ्याकडे वीस नाहीत, एकशे दहा वह्या आहेत, त्यामुळे समासात प्रेमाने दोन ओळी लिहिण्याची चैन परवडत नाही. मला तारलं ते रिचर्ड हॅसवेल यांच्या १९८३च्या एका छोट्याशा लेखाने. चूक दुरुस्त करायचीच नाही, नावही सांगायचं नाही. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर समासात नुसती खूण. शोधायचं मुलांनी, आणि ती दुरुस्त झाल्यावरच मार्क. हॅसवेल यांच्या वर्गात अशा निम्म्याहून जास्त चुका मुलांनी आपल्या आपण दुरुस्त केल्या होत्या. माझ्याकडे इतकं नाही जमत, पण स्पेलिंग आणि विरामचिन्हं बऱ्यापैकी सुटतात. 'द' आणि 'अ'चा गोंधळ मात्र नाही. मराठीत आर्टिकलच नाही, तर पोरं शोधणार काय?

पहिल्या वेळी वर्गात जे झालं ते बघण्यासारखं होतं. एरवी वही मिळाली की मार्क बघून दप्तरात. त्या दिवशी बाकाबाकावर डोकी वहीत आणि 'ए, बघ ना, या ओळीत काय चुकलंय?'

तिरकीरेघ
जरा विरुद्ध बाजू. खर्डे, मोकळं लेखन, मुलाचा स्वतःचा आवाज हे सगळं छान, पण १९८६ आणि १९८८मध्ये लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिकेने यावर चांगलं बोट ठेवलंय. ज्यांच्या घरात प्रमाण भाषा आहे त्यांना नियम न सांगता येतात. ज्यांच्या घरात नाही, त्यांच्यापासून ते लपवून 'तू मोकळं लिही' म्हणणं म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणं. त्यांना नियम सरळ सांगून टाका, आणि तो कुणाचा नियम आहे तेही सांगा. पुणेरी शुद्धलेखनाचा मार खाल्लेल्याला हे चटकन कळेल.

कोरीपाटी, मातृभाषेची धास्ती सोड. अमेरिकेतल्या कॉलेज लेखनशिक्षकांच्या परिषदेने १९७४मध्येच विद्यार्थ्यांचा आपापल्या बोलीवर हक्क मान्य केलाय. ठराव मंजूर झाला म्हणून सगळे वागतात असं नाही, पण मुलाने तुझ्या उच्चारावर भुवई उंचावली तर आठवू दे.

दक्षिणायन
पुस्तकांच्या किमतीने डोळे फिरले तर कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचं 'डब्ल्यूएसी क्लिअरिंगहाऊस' ही वेबसाइट बघ. या विषयावरची ढीगभर पुस्तकं फुकट आणि राजरोस.

कोरीपाटी
सगळ्यांचे खूप आभार. ठरलं: आधी सोमर्सचे दोन लेख, मग शॉनेसी, आणि विमानात डेल्पिट. रेन अँड मार्टिन कपाटात परत गेलं, आईने त्या जागी मेतकूटच ठेवलंय.

कालची गंमत. लग्नाला आलेल्या मावसभावाचा दहावीचा इंग्रजी निबंध हाती लागला. बाभूळबनताईंच्या पद्धतीने समासात सात खुणा करून दिल्या. पाच त्याने शोधल्या. सहावी मी दाखवली. सातव्या ओळीपाशी आम्ही दोघं अर्धा तास बसलो, शेवटी तो म्हणाला, "ताई, ही बरोबरच आहे." बरोबरच होती.