पाठकोरे कागद प्रिंटरमध्ये: तुमची पद्धत सांगा

एका बाजूने छापलेले कागद घरच्या प्रिंटरमध्ये पुन्हा वापरताना काय करता? कागद कुठे अडकतो, का अडकतो, उपाय काय, तेवढंच लिहा.

*

आधी पिना. स्टेपलरची पिन काढली की त्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचं. तुटलेलं टोक राहिलं तर लेझर प्रिंटरमध्ये ड्रमवर (छपाई कागदावर उतरवणारा फिरता दंडगोल) ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर त्याच जागी खूण उमटत राहते. कोपरा फाटलाय? ते पान कच्च्या हिशेबाला ठेवा.

*

लेझरमधून निघालेलं पान वळतं, कारण फ्यूजरच्या (शाईची पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग) उष्णतेने कागदातला ओलावा उडतो. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा, मग गठ्ठा फडफडवून पानं सुटी करा. ट्रेमध्ये एका वेळी वीसेक पानं, बस्स. कोरे आणि पाठकोरे एकत्र नकोत, दोन-दोन पानं ओढली जातात.

*

कोरी बाजू वर की खाली? कोपऱ्यावर पेन्सिलीने फुली मारून एक पान छापा, लगेच कळतं. मागून उभा कागद घेणाऱ्या इंकजेटमध्ये कोरी बाजू सहसा आपल्याकडे. खालच्या ट्रेतून ओढणाऱ्यात कागद आत वळसा घेतो, म्हणून ती सहसा खाली. आणि जुन्या मजकुरावर तिरकी रेघ ओढूनच पान गठ्ठ्यात टाका. नाहीतर वाचताना कुठली बाजू कामाची हेच शोधत बसाल.

*

इंकजेटची शाई ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदात पलीकडे दिसते, ८० बरा. भरगच्च रंगीत चित्रांची पानं वगळा. कागदाला लाटा येतात आणि शाई सोडणारं हेड घासतं. कमी शाईचा ड्राफ्ट मोड पुरतो.

*

लेझरमध्ये कधीच नाही: थर्मल पावती (काळी पडते), अर्धवट सोललेलं स्टिकरचं पान, व्हाइटनर लावलेला कागद, इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर. फ्यूजरला चिकटलेला गोंद काढणं म्हणजे अख्खा प्रिंटर उघडणं.

*

बँकेचे कागद, ओळखपत्राच्या प्रती या गठ्ठ्यात येऊच देऊ नका. मागच्या बाजूला काय आहे ते न बघता पान दुसऱ्याच्या हाती जातं.

*

पान अर्ध्यावर थांबतंय, रोलर नुसताच घसरतोय? कागदाची धूळ बसलीय. प्लग काढा, तंतू न सुटणारं कापड पाण्याने जेमतेम ओलं करा, रोलर हाताने फिरवत पुसा, पूर्ण वाळू द्या.

*

पाठकोऱ्यावरचं स्कॅन करायचं असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. पलीकडची अक्षरं फिकी पडतात.