मदत हवी आहे: बोका नीट जेवतोय, तरी दाढ काढावी लागेल?

आमचा बोका नऊ वर्षांचा. लशीसाठी नेला तेव्हा डॉक्टरांनी खालच्या सुळ्यामागच्या पहिल्याच दाढेवर हिरडी चढलेली दाखवली. तिथे नुसती कापसाची काडी लावली तर त्याचा जबडा थडथडला. म्हणाले, दात विरघळतोय. भूल देऊन एक्सरे काढू, बहुतेक दाढ काढावीच लागेल. पण हा पठ्ठ्या वाटी चाटूनपुसून साफ करतो, वजनही घटलेलं नाही! फक्त एका बाजूनेच चावतो आणि मधेच एखादा दाणा खाली पडतो. दुसरीकडे एकजण भूल न देताच दात खरवडून द्यायला तयार आहेत. मला भुलीचीच धास्ती आहे. काय करावं? दाढेत सिमेंट भरून भागत नाही का?

—

भुलीशिवाय खरवडणं अजिबात नको. त्याने वरचं किटण निघतं, दात पांढरे दिसतात, पण दुखणं हिरडीखाली असतं. जागं मांजर तिथे हत्यार लावू देईल का? आणि तुमच्या बोक्याचा प्रश्न किटणाचा नाहीच. शरीरातल्याच पेशी दात पोखरतात. मांजरांत हे फार दिसतं. सिमेंट पूर्वी भरून पाहिलं गेलंय, पण पोखरणं खाली चालूच राहतं आणि ते टिकत नाही.

एक्सरे टाळू नका, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मूळ हाडात विरघळून गेलं असेल तर फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवतात. मूळ शाबूत असेल तर ते पूर्ण काढावं लागतं.

जेवतोय यावर जाऊ नका. दात दुखला तरी मांजर खातं.

—

वरच्याशी सहमत. भुलीआधी रक्ततपासणी करून घ्या, या वयात मूत्रपिंडं विशेष बघतात. हृदय तपासायला सांगा. श्वासनलिकेत नळी घालणार का आणि भुलीत रक्तदाब कोण बघणार, हे बिनधास्त विचारा. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

—

दोघांचे आभार. तोवर ब्रश करू का?

—

त्या दाढेला नको, कळ जाईल. माणसांची पेस्ट तर कधीच नको, मांजरं ती गिळतात. मऊ खाणं द्या, आणि वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं. भूल देणारच आहेत तर सगळ्याच दातांचे एक्सरे काढून घ्या. एक दात असा निघाला की आणखी एखादा सापडायची शक्यता बरीच असते.