मदत हवी आहे : जर्मनीला ५ महिने रिसर्चला चाललेय, पण पत्र बाबांच्या नावाने आलंय, आणि व्हिसा बंगळूर की मुंबई?

भातखाचर :

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. डाडची (परदेशी विद्यार्थी-संशोधकांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) रिसर्च ग्रँट मिळाली, ऑक्टोबर ते फेब्रुवारी लाइप्झिगला जायचंय. आनंद दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवसापासून नुसती कागदं.

काम काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचा प्रश्न कळेल. आमच्याकडच्या लाल मातीत स्फुरद असतं पण ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला घट्ट चिकटून बसतं, पिकाला मिळत नाही, बाबा दरवर्षी डीएपी टाकतात त्यातलं पण बरंच तिथंच अडकतं. हे स्फुरद सोडवणारे जिवाणू मी आमच्याच बांधाच्या मातीतून काढलेत. असले जिवाणू ओळखायला वापरतात ती पिकोव्हस्काया माध्यमाची प्लेट दुधासारखी पांढरी असते, त्यावर हा जिवाणू चार-पाच दिवस वाढला की त्याच्याभोवती काचेसारखं स्वच्छ गोल कडं पडतं, पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री साडेनऊला लॅबमधून घरात फोन केला होता आणि आई म्हणाली होती बरं जेवलीस का. पण घोळ असा की त्या प्लेटमध्ये कॅल्शियम फॉस्फेट असतं आणि आमच्या मातीत लोहाचं, म्हणजे प्लेटवर हिरो ठरलेला शेतात चालेलच असं नाही. तो नेमकी कुठली आम्लं किती सोडतो, ग्लुकॉनिक की अजून काही, ते मोजायचं मशीन तिकडच्या लॅबमध्ये आहे. म्हणून हे पाच महिने.

आता प्रश्न.

आमच्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्डवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं. ऑनलाइन फॉर्म भरताना मी तसंच लिहिलं आणि तिकडच्या लॅबने शेवटचा शब्द आडनाव धरला. निमंत्रण पत्र आलंय 'फ्राऊ परशराम' म्हणजे श्रीमती परशराम म्हणून. म्हणजे बाबांनाच बोलावलंय. पासपोर्टवर नाव बरोबर आहे. हे पत्र व्हिसाला चालेल का?

दुसरं, पासपोर्टवर पत्ता खानापूरचा, राहते कोल्हापूरच्या हॉस्टेलवर. व्हिसाला बंगळूरला जायचं की मुंबईला? शिवाय पासपोर्टवर जन्मठिकाण बेलगाम आणि नंतरच्या सगळ्या कागदांवर बेळगावी, त्याचं काय?

आणि माझे जिवाणू. छोट्या व्हायल्स (बाटल्या) आहेत, बर्फात घालून चेक-इन बॅगेत नेल्या तर चालतं का? एक सीनियर म्हणाला कोण बघतंय.

लांबलंय, माफ करा. घरातून पहिलीच मी परदेशी जाणार, विचारायला कुणी नाही.

टिळकवाडीकर :

अभिनंदन!! सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुझा व्हिसावाल्यांनी चुटकीसरशी सोडवला म्हणायचं, कर्नाटक आणि केरळ बंगळूरच्या जर्मन वकिलातीकडे, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे 😄

संकेश्वरी_मिरची :

अगं पहिलं अभिनंदन. मी त्याच देशात पीएचडी केली, सध्या पुण्यात.

नाव आजच दुरुस्त करून घे. व्हिसावाल्याने डोळे मिटले तरी पुढं शहराच्या ऑफिसात नोंदणी, बँक, घराचा करार सगळीकडं हे नाव पाठ सोडणार नाही. ज्यांनी पत्र पाठवलं त्यांना पासपोर्टचं पहिलं पान जोडून दोन ओळींचा मेल टाक, आडनाव हे, नाव हे, कृपया नवीन पत्र द्या. माफी मागत बसू नको, त्यांना असले मेल रोज येतात. डाडच्या पत्रावर आणि इन्शुरन्सच्या कागदावर पण नाव तपास. विमानाचं तिकीट पासपोर्टप्रमाणेच.

बेलगाम-बेळगावीचं टेन्शन घेऊ नको. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, जुन्या कागदांवर जुनं असणारच. फॉर्ममध्ये पासपोर्टवर जे स्पेलिंग छापलंय तेच लिही, आपली अक्कल चालवू नको.

व्हिसा राहण्याच्या जागेवरून ठरतो. कोल्हापुरात राहतेस याचा धड कागद दाखवता येत असेल तर मुंबई, पण मी तुझ्या जागी असते तर पासपोर्टचा पत्ता धरून बंगळूरच केलं असतं, प्रश्नच उरत नाहीत. बेळगावातून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की सकाळी तिथं. मात्र ९० दिवसांच्या वर राहणार आहेस, तेव्हा कमी दिवसांचा शेंगेन नव्हे, नॅशनल व्हिसा. टुरिस्टवाल्या फॉर्मवर वेळ घालवू नको. डाडची स्कॉलर असल्याने व्हिसा फी माफ असते आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे अडकवायला लागत नाहीत, स्कॉलरशिपचं पत्रच पुरावा. एजंट एपीएस सर्टिफिकेट (आपल्या डिग्रीची कागदं खरी असल्याचा दाखला) काढून देतो म्हणेल, जर्मन सरकारी पैशाच्या स्कॉलरशिपला ते लागत नाही.

काळी_माती :

व्हायल्सबद्दल. त्या सीनियरला म्हणावं तूच घेऊन जा.

मी जैवविविधतेच्या कागदपत्रात दोनदा पोळलोय म्हणून स्पष्ट लिहितो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यात सूक्ष्मजीव येतात, त्यांचा डीएनए पण येतो. संशोधनासाठी देशाबाहेर न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी बघावी लागते, अर्ज गाइड आणि युनिव्हर्सिटीमार्फत जातो आणि वेळ खातो. जर्मनीतली लॅब पण विचारणार, कारण नागोया करारानंतर (दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) तिकडं हे नमुने कायदेशीर मार्गाने आलेत का याचा कागद संशोधकाकडं असावा लागतो. उद्या पेपर छापताना संपादकाने विचारलं की काय सांगणार, बॅगेतून आणलं? आणि नुसती माती तर डोक्यातच आणू नको, बाहेरच्या देशांतली माती युरोपात परवान्याशिवाय नेता येत नाही.

भातखाचर :

बापरे. गाइड सरांना पण नीट माहिती नव्हतं बहुतेक, ते म्हणाले होते बघू. मग परवानगी ऑक्टोबरपर्यंत आली नाही तर मी तिथं बसून करू काय? पाच महिनेच आहेत. जिवाणू काढून टाकून नुसतं गाळलेलं द्रव नेलं तर?

काळी_माती :

ते पण विचारल्याशिवाय नाही. पण रिकामी बसणार नाहीस. जर्मनीत ब्राउनश्वाइगला डीएसएमझेड म्हणून जिवाणूंची मोठी पेढी आहे, तिथून तुझ्या प्रकारचा माहितीतला जिवाणू तिकडच्या लॅबला मागवता येतो. पहिला दीड महिना तसाही मशीन शिकण्यात, स्टँडर्ड लावण्यात, कॉलम बिघडवण्यात जातो. ते सगळं त्याच्यावर कर, पद्धत बसव. तुझे नमुने मागून संस्थेमार्फत रीतसर पार्सलने येऊ देत, नाही आले तर पद्धत शिकून घरी ये आणि इकडं मशीन शोध. अर्ज मात्र या आठवड्यात घाल. आणि लोहाच्या फॉस्फेटवाली प्लेट कोल्हापुरातच करून जा, त्याला परदेश कशाला पाहिजे.

भातखाचर :

शेवटचं वाक्य लागलं 🙈 पण बरोबर आहे. उद्याच माध्यम बनवते.

काजूबाग :

ताई मी नोकरीसाठी दोन हिवाळे काढलेत तिकडं, त्यामुळं पोटापाण्याचं सांगतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, घरच्यांना तेव्हा साडेआठ झालेले असतात, फोनची वेळ तीच ठेवा. रविवारी दुकानं बंद, शनिवारी तांदूळ-दूध भरून ठेवायचं नाहीतर ब्रेड. पहिले पैसे हातात यायला वेळ लागू शकतो आणि खोलीसाठी डिपॉझिट मागतात, तेव्हा महिन्या-दीड महिन्याचे युरो कार्डात घेऊन जावा. आणि खोली घेताना घरमालक राहण्याचा दाखला लिहून देणार का ते आधी विचारा, त्याशिवाय नोंदणी होत नाही आणि नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तो दाखला देणार नाही म्हणाला की खोली कितीबी स्वस्त असू दे, सोडायची.

कुंदा नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात चालत नाहीत, माझा एक किलो कुंदा माझ्या डोळ्यांदेखत डब्यात गेलाय, अजून विसरलो नाही. तूप पण नको. ताजा कढीपत्ता पण नको, वाळवून चुरा करून न्या. चटणी, मेतकूट, पोहे बिनधास्त.

टिळकवाडीकर :

कुंद्याला दोन मिनिटं शांतता 🙏

भातखाचर :

अपडेट देते. नवीन पत्र तिसऱ्या दिवशी आलं, नाव बरोबर. सरांनी चेन्नईचा अर्ज सुरू केला, आमच्या डिपार्टमेंटमधून असला पहिलाच आहे त्यामुळं क्लार्कमामा आणि मी मिळून एकेक रकाना वाचतोय. लोहाच्या प्लेटवर सातपैकी दोनच जिवाणू बरे दिसताहेत, म्हणजे न्यायचं ओझं कमी झालं म्हणायचं. बंगळूरच करायचं ठरवलं.

जुनं पत्र फाडायला घेतलं तर बाबा म्हणाले, असू दे की, माझ्या नावाचं आहे ते. शेताच्या उताऱ्यांच्या पिशवीत घालून ठेवलंय त्यांनी.

एकच राहिलं. बाबा सोबत येणार म्हणतात, रेल्वेने सकाळी उतरून त्याच दिवशी अपॉइंटमेंट करून रात्री परत. बंगळूर स्टेशनाजवळ अंघोळ करून कपडे बदलायला तासाभराची बरी सोय कुठं होते, कुणी सांगेल का?