मन आणि आहार: ज्येष्ठ नागरिक संघात नेमकं काय सांगावं?

चष्मेवाला
पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात 'आहार आणि मनःस्वास्थ्य' यावर पाऊण तास बोलायचं आहे. श्रोते ६० ते ८० वयाचे, बहुतेक शाकाहारी, निम्म्यांना तरी मधुमेहाची किंवा ॲसिडिटीची गोळी चालू. व्हॉट्सॲपवरचा 'आनंद देणारे दहा पदार्थ' छाप मजकूर वाचून दाखवायचा नाही. तीन शंका आहेत:
केळं खाल्लं की सेरोटोनिन वाढतं, हे कितपत खरं?
रोज दही खाणाऱ्यालाही बी-१२ कमी पडतं का?
उपवासाने मन प्रसन्न होतं म्हणतात, मग एकादशीच्या संध्याकाळी काही जण घरच्यांवर खेकसतात ते का?

राजगिरा
केळ्याचं आधी उरकते. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मध्ये पडदा आहे. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं आणि ते तिथलीच कामं करतं. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतो. पण मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे एखादा पदार्थ जास्त खाऊन ते वाढवता येत नाही. केळं खावं, चांगलं फळ आहे. औषध म्हणून खाऊ नये.

पुरावा हवा असेल तर दोन प्रयोग शेजारी-शेजारी ठेवा. २०१७ साली ऑस्ट्रेलियातला 'स्माइल्स' प्रयोग प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञाने भरपूर भाज्या, कडधान्यं, अखंड धान्यं, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल असलेला आहार बसवून दिला, दुसऱ्या गटाला तेवढ्याच भेटींत नुसत्या गप्पा आणि सोबत. शेवटी आहाराच्या गटातले सुमारे ३२ टक्के आजाराच्या निकषांतून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. प्रयोग लहान होता आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना कळत होतं, हे मात्र सांगायलाच हवं. शिवाय बरेच जण उपचार चालू ठेवून हा आहार घेत होते. दुसरा 'मूडफूड', २०१९: युरोपातल्या चार देशांतले वजन जास्त असलेले हजारावर लोक. त्यांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, सेलेनियम, ड जीवनसत्त्व अशा पूरक गोळ्या दिल्या. नैराश्य टाळायला त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे ताट बदलण्यात थोडी आशा आहे, सरसकट गोळ्यांत नाही. ज्याची कमतरता तपासणीत सापडली आहे, त्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे 'आम्ही रोज डाळ खातो' हे उत्तर ठरलेलं असतं. पण वरण किती पातळ आहे ते विचारा. चौघांत अर्धी वाटी तूरडाळ शिजवली तर एकाच्या वाट्याला कोरडी २० ते २५ ग्रॅम येते, म्हणजे प्रथिनं जेमतेम ५ ग्रॅम. त्यापेक्षा घट्ट मटकीची किंवा मसुराची उसळ, एका वेळी माणशी ३० ते ४० ग्रॅम कोरडं कडधान्य, हे हिशेबात धरता येतं. दातांचा त्रास असेल तर मूग मोड न आणता, कुकरला मऊ शिजवावेत. आणि संध्याकाळचं 'फक्त चहा-खारी, मग भूकच नाही' हे बंद करा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांत हा प्रकार फार आहे. अन्न तर कमी पडतंच, कोणाबरोबर बसून जेवणंही सुटतं.

उपवासाबद्दल: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीतली प्रथिनं दाण्याच्या कुटातून येतात, आणि तेल-तूप जड होईल म्हणून कूटच कमी केला की उरतो फक्त स्टार्च. रक्तातली साखर झरझर चढते, मग उतरते. त्याऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी, वाटीभर दही किंवा राजगिऱ्याची भाकरी. दुसरं कारण चहा. कडक उपवासाला रोजचे चार चहा अचानक बंद केले की १२ ते २४ तासांत डोकेदुखी आणि चिडचिड सुरू होते. आदल्या आठवड्यात रोज अर्धा कप कमी करत गेलं की त्रास होत नाही.

लॅबमधला
दह्याचं उत्तर: हो, कमी पडू शकतं. प्रौढाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. २०० मिली दुधात पाऊण ते एक मायक्रोग्रॅम मिळतं, पण दूध पुनःपुन्हा उकळलं की त्यातलंही घटतं. विरजणाने ते वाढत नाही. इडली, कांजी, स्पिरुलिना यांच्यावरही विसंबू नये. स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरताच येत नाही, तरी काही तपासण्यांत ते खरं बी-१२ म्हणून मोजलं जातं.

वय वाढलं की वेगळीच अडचण. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला जठरात आम्ल लागतं. साठीनंतर अनेकांचं आम्ल कमी होतं, त्यात पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू. मग दूध पिऊनही उपयोग मर्यादित. गोळीतलं बी-१२ मात्र मोकळं असतं, ते शोषलं जातं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनेही बी-१२ घटतं.

श्रोत्यांना कोणत्या गोष्टींनी सावध व्हायचं ते सांगा: तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लालबुंद, विसराळूपणा, उगीच रडू येणं. रक्त कमी नसतानाही ही लक्षणं येऊ शकतात.

रिपोर्ट वाचताना चुका कुठे होतात:
रक्तातलं बी-१२ मिलीलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, हे सगळ्यांना ठाऊक असतं. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) तपासून खात्री होते. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून लगेच रक्तपेशींपासून वेगळा केला नाही तर आकडा खोटा वाढतो. एखाद्याचा आकडा विनाकारण मोठा आला तर आधी हेच तपासतो.
इंजेक्शन घेऊन आठवड्याने तपासणी केली की आकडा आभाळाला भिडतो, त्याला काही अर्थ नसतो. आधी नमुना, मग इंजेक्शन.
बी-१२ कमी असताना तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असताना लहान. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी आकार 'नॉर्मल' छापून येतो आणि सगळे निर्धास्त होतात. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतल्या तफावतीचा आकडा, वाढलेला असतो, तिकडे बघा.

नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊन रक्त सुधारलं म्हणून खूश होऊ नये. बी-१२ची कमतरता तशीच राहते आणि नसांचं नुकसान चालू राहतं.

गोळ्यांचं_दुकान
वरच्या दोघांचं मान्य. औषधांबद्दल माझ्याकडून भर.

थायरॉइड कमी असलं तरी माणूस उदास, मंद होतो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी फक्त पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सकाळी सगळ्या गोळ्या एकाच घोटात गिळणारे पुष्कळ आहेत, आणि मग डोस उगाच वाढत जातो. केसांसाठी बायोटिनची मोठी गोळी चालू असेल तर थायरॉइड तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवावी, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यांनी एकादशी, निर्जळी किंवा अचानक 'मीठ सोडलं' असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जातं. हात थरथरणं, उलट्या, जुलाब, बोलणं अडखळणं दिसलं तर थेट रुग्णालय.

आणि ते उपवासाचं खेकसणं! मधुमेहाला इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर चिडचिड हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. सोबत घाम, थरथर, गोंधळ. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. 'देवाचा दिवस आहे' म्हणून थांबू नये. माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

शेवटी एक स्लाइड जरूर ठेवा: दोन आठवडे सलग मन उतरलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल तर उसळ-भाकरीची वाट न बघता डॉक्टर. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. टेलि-मानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे.

चष्मेवाला
खूपच कामाचं. लिथियमचं तर डोक्यातही नव्हतं. दोन उपप्रश्न: जेवणानंतर लगेचचा चहा खरंच वाईट का? आणि मासे न खाणाऱ्यांना जवस चालेल का?

राजगिरा
चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह निम्म्याहून अधिक वाया जाऊ शकतं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, पालेभाजीवर लिंबू पिळा. पण साठीच्या पुरुषाचं लोह कमी आलं तर नुसता चहाला दोष देऊन लोहाची गोळी सुरू करू नका. मूळव्याध किंवा जठरातला व्रण यांतून रक्त जातंय का ते आधी बघायला लागतं. झोपेची तक्रार असेल तर चारनंतर चहा नको.

जवस: १० ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा भरून, त्यात सुमारे दोन ग्रॅम ओमेगा-३. पण ते वनस्पतीतलं रूप आहे. बांगड्या-तारलीत असतं ते रूप शरीर त्यातून फार थोडंच बनवतं, आणि नैराश्यावरचे ओमेगा-३चे प्रयोग मुख्यतः माशांच्या तेलावर झालेत. म्हणून 'मनासाठी जवस' असा दावा करू नका, आहारात चांगला म्हणून सांगा. अख्खा जवस बहुतेक तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मग लाल तिखट, मीठ, लसूण घालून जाडसर चटणी वाटा. गरम असताना वाटली तर तेल सुटून गोळा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, एका वेळी दोन आठवड्यांपुरतीच. रंगासारखा वास यायला लागला की टाकून द्या, तेल खवट झालेलं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.